दूध नीट तापलं का, माती जिवंत आहे का? एन्झाइमची चाचणी हे कसं सांगते?

दुधाच्या पिशवीवर 'पाश्चराईज्ड' हा शब्द छापलेला असतो. पण डेअरीत आलेलं हजारो लिटर दूध ठरलेल्या तापमानाला, ठरलेला वेळ खरंच तापलं होतं, हे कशावरून कळतं? दूध एकदा थंड झालं की बघून, वास घेऊन किंवा चव घेऊन ते सांगता येत नाही. अशा वेळी प्रयोगशाळा दुधातल्या एका एन्झाइमकडे बघते. ते एन्झाइम अजून काम करत असेल तर दूध नीट तापलेलं नाही. ते बंद पडलं असेल तर तापलेलं आहे.

हीच पद्धत शेतातल्या मातीपासून कोंबडीच्या खाद्यापर्यंत आणि मधाच्या बाटलीपासून फवारणी करणाऱ्या मजुराच्या रक्तापर्यंत वापरली जाते. या सगळ्या चाचण्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. एन्झाइम किती ग्रॅम आहे हे त्यात मोजत नाहीत, ते किती वेगाने काम करतंय हे मोजतात. याला 'एन्झाइम ॲक्टिव्हिटी' म्हणतात.

ही भानगड नेमकी काय आहे? आणि शेतकरी, पशुपालक किंवा साध्या ग्राहकाला तिचा काय उपयोग? समजून घेऊया.

एन्झाइम म्हणजे काय?

भाकरीचा तुकडा न गिळता बराच वेळ चघळला तर तो गोडसर लागायला लागतो. लाळेतलं अमायलेज नावाचं एन्झाइम भाकरीतल्या स्टार्चचे तुकडे करून त्याची साखर बनवतं, म्हणून असं होतं. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला 'विकर' असा शब्द आहे.

एन्झाइम म्हणजे सजीवांच्या पेशींनी बनवलेलं प्रथिन (काही मोजके अपवाद सोडून). रासायनिक क्रियेचा वेग ते कित्येक पटींनी वाढवतं आणि स्वतः मात्र त्यात संपून जात नाही. आपल्या रक्तातल्या लाल पेशींमध्ये असणाऱ्या कार्बोनिक अनहायड्रेजचा एक रेणू सेकंदाला जवळपास १० लाख वेळा आपलं काम करू शकतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. एन्झाइम जिवंत नसतं. ते जिवाणू नाही आणि कल्चरही नाही. १८९७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ एडुआर्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशी चिरडून त्यांचा रस काढला आणि एकही जिवंत पेशी नसताना त्या रसाने साखर आंबवून दाखवली. १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. पुढे १९२६ मध्ये अमेरिकेच्या जेम्स समनर यांनी अबईच्या जातीतल्या एका शेंगेच्या दाण्यांपासून युरिएज हे एन्झाइम स्फटिकरूपात वेगळं केलं आणि एन्झाइम हे प्रथिन असतं हे दाखवून दिलं. हे युरिएज पुढे पुन्हा भेटणार आहे.

मग वजन का मोजत नाहीत?

अंड्याचा पांढरा भाग उकळला की घट्ट होतो आणि थंड केल्यावर पुन्हा पातळ होत नाही. तेही प्रथिनच असतं. एन्झाइमचंही तसंच आहे. जास्त उष्णता लागली की त्याची घडी मोडते. प्रथिन जागेवरच असतं, वजनही तेवढंच भरतं, पण काम बंद पडतं.

त्यामुळे एन्झाइम 'आहे' म्हणून उपयोग नसतो, ते चालू असावं लागतं. एका मिनिटात एक मायक्रोमोल पदार्थाचं रूपांतर करणारी क्षमता म्हणजे एक युनिट, असं एक माप १९६० च्या दशकात आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं. पण या आकड्याला एक अट कायम चिकटलेली असते. कोणत्या तापमानाला, किती आम्लतेला (म्हणजे पीएचला) आणि कोणत्या पदार्थावर मोजलं, हे सांगितल्याशिवाय त्या युनिटला अर्थ नाही. एकच एन्झाइम ३७ अंशांना एक आकडा देईल आणि २० अंशांना दुसरा.

मोजण्याची एक सोपी युक्ती रंगाची आहे. पॅरा-नायट्रोफिनाईल फॉस्फेट हे रसायन रंगहीन असतं. फॉस्फटेज गटातल्या एन्झाइमने ते तोडलं की सुटणारा भाग अल्कली द्रावणात पिवळा दिसतो. पिवळेपणा जितका जास्त, तितकं एन्झाइम जोरात. दुधाच्या आणि मातीच्या, दोन्ही प्रयोगशाळांत हाच पिवळा रंग वापरला जातो.

दूध: बंद पडलेलं एन्झाइम ही चांगली बातमी

कच्च्या दुधात अल्कलाईन फॉस्फटेज हे एन्झाइम मुळातच असतं. दूध ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं किंवा ७२ अंशांना १५ सेकंद तापवलं की पाश्चरीकरण होतं. जनावरांमधून माणसात येणाऱ्या क्षयरोगाच्या जंतूसारखे धोकादायक जंतू एवढ्या उष्णतेत मरतात. हे जंतू मरायला जेवढी उष्णता लागते, त्याहून किंचित जास्त उष्णता हे एन्झाइम बंद पडायला लागते. म्हणजे एन्झाइम बंद पडलं असेल तर जंतू त्याआधीच मेले आहेत असं धरता येतं.

ही चाचणी १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये विकसित झाली. ती अजून टिकून आहे, कारण जंतूंची वाढ तपासायला कित्येक दिवस लागू शकतात आणि इथे निकाल काही मिनिटांत ते काही तासांत मिळतो. भारतातही पाश्चराईज्ड दुधाची फॉस्फटेज चाचणी 'निगेटिव्ह' यावी असा नियम आहे. युरोप आणि अमेरिकेत लिटरमागे ३५० मिलियुनिट ही मर्यादा धरली जाते. तापवलेल्या दुधात अगदी थोडं कच्चं दूध मिसळलं गेलं तरी आधुनिक उपकरणं ते पकडतात.

पण या चाचणीलाही मर्यादा आहेत. पाश्चरीकरणानंतर पिशवी भरताना किंवा वाहतुकीत दूध दूषित झालं तर ते यातून कळत नाही. शेळीच्या दुधात हे एन्झाइम मुळातच बरंच कमी असतं, त्यामुळे तिथे निकाल जपून वाचावा लागतो. गवळ्याकडून येणारं सुटं दूध या चाचणीतून गेलेलं नसतं, म्हणून ते उकळूनच प्यायचं.

सोयापेंड: जास्त भाजली तरी तोटा, कमी भाजली तरी तोटा

तेल काढल्यानंतर उरणारी सोयापेंड हा कोंबड्यांच्या खाद्यातला प्रथिनांचा मुख्य स्रोत. पण कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडवणारे घटक असतात. त्यांना ट्रिप्सिन इनहिबिटर म्हणतात. पेंड पुरेशी तापवली की ते निकामी होतात. कमी तापवली तर कोंबडी खाते, पण अंगाला लागत नाही. जास्त तापवली तर लायसिन हे महत्त्वाचं अमिनो आम्ल खराब होतं.

हे घटक थेट मोजणं वेळखाऊ आणि महाग. सोयाबीनमध्ये युरिएजही असतं आणि ते साधारण तेवढ्याच उष्णतेत बंद पडतं. म्हणून पेंडीची भुकटी युरियाच्या द्रावणात ३० अंशांना ३० मिनिटं ठेवतात. युरिएज चालू असेल तर युरियाचा अमोनिया होतो आणि द्रावणाचा पीएच वाढतो. ही वाढ साधारण ०.०५ ते ०.२० च्या दरम्यान असेल तर पेंड ठीक समजतात.

गंमत अशी की ही चाचणी कच्ची पेंड छान पकडते, पण करपलेली पकडत नाही. युरिएज एकदा शून्यावर आलं की पुढे पेंड कितीही जाळली तरी आकडा शून्यच राहतो. म्हणून जास्त तापलेली पेंड ओळखायला प्रथिनं किती विरघळतात हे वेगळं तपासतात.

गाई-म्हशींच्या बाबतीत यातून एक व्यवहारातली सूचना निघते. खाद्यात युरिया वापरत असाल तर त्यासोबत कच्चं सोयाबीन देऊ नये. दाण्यातलं युरिएज युरियाचा अमोनिया फार झपाट्याने करतं आणि जनावराला विषबाधा होऊ शकते.

फायटेज: पिशवीवरचा आकडा आणि कोंबडीच्या पोटातला आकडा

मका, सोया अशा खाद्यातला जवळपास दोन तृतीयांश फॉस्फरस 'फायटेट' या रूपात अडकलेला असतो. गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव तो सोडवतात. कोंबडीला आणि डुकराला ते जमत नाही. मग खाद्यात वरून फॉस्फेट घालावं लागतं आणि न पचलेला फॉस्फरस विष्ठेतून मातीत आणि पाण्यात जातो.

नेदरलँड्समध्ये हा प्रश्न इतका वाढला की शेणखतातल्या फॉस्फरसवर कायद्याने बंधनं आली. त्याच काळात, १९९१ मध्ये, तिथे बुरशीपासून बनवलेलं फायटेज हे एन्झाइम खाद्यात घालण्यासाठी पहिल्यांदा बाजारात आलं. आज जगभरातल्या कुक्कुटपालनात ते रोजचं झालं आहे. किलोमागे ५०० युनिट ही सर्रास वापरली जाणारी मात्रा.

मात्र हे युनिट ३७ अंश आणि ५.५ पीएचला मोजलेलं असतं. कोंबडीच्या जठरात आम्लता त्याहून बरीच जास्त असते. त्यामुळे पिशवीवर सारखाच आकडा असलेली दोन फायटेज पोटात सारखं काम करतीलच असं नाही. शिवाय खाद्याच्या गोळ्या बनवताना ते ८०-९० अंशांपर्यंत तापतं आणि साधं एन्झाइम तिथेच बंद पडू शकतं. म्हणून कंपन्या एन्झाइमवर आवरण चढवतात किंवा गोळ्या थंड झाल्यावर वरून फवारतात. खाद्य विकत घेणाऱ्याने विचारायचा प्रश्न हाच: आकडा गोळी बनण्याआधीचा आहे की नंतरचा?

गोठा: वासराने चीक प्यायला का?

गाईच्या गर्भात असताना वासराला आईकडून प्रतिकारशक्ती मिळत नाही. ती मिळते पहिल्या चिकातून. वासराचं आतडं जन्मानंतर साधारण २४ तासच चिकातली प्रतिपिंडं जशीच्या तशी शोषू शकतं आणि ही क्षमता तासागणिक कमी होत जाते. म्हणून पहिल्या काही तासांतला चीक वासराचा, खरवसाचा विचार नंतर.

चिकात जीजीटी नावाचं एन्झाइम भरपूर असतं. वासराने वेळेत आणि पुरेसा चीक प्यायला असेल तर पहिले काही दिवस त्याच्या रक्तातलं जीजीटी मोठ्या जनावरापेक्षा कित्येक पटींनी जास्त दिसतं. नसेल प्यायला तर ते कमीच राहतं. ही पातळी रोज उतरत जाते, त्यामुळे वासराचं वय माहीत असल्याशिवाय आकड्यावरून काही ठरवता येत नाही. शिंगराच्या बाबतीत ही चाचणी कामाची नाही, कारण घोडीच्या चिकात हे एन्झाइम फार नसतं.

मोठ्या जनावरात हेच जीजीटी वेगळं सांगतं. यकृतात कृमी झाले, पित्तनलिकांना इजा झाली की ते रक्तात वाढतं.

कासदाहाचंही तसंच. सड सुजण्याआधी, दुधात गाठी दिसण्याआधीच कासेतल्या पेशी फुटायला लागतात आणि त्यांच्यातलं एलडीएच हे एन्झाइम दुधात उतरतं. डेन्मार्कसारख्या देशांत काही मोठ्या गोठ्यांमध्ये दूध काढतानाच ते मोजणारी यंत्रणा आहे. कासदाह लवकर कळला तर उपचार लवकर होतो आणि जनावराच्या दुधातलं नुकसानही आटोक्यात राहतं.

माती: रंग लाल झाला म्हणजे श्वास चालू आहे

२०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी असतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं, पीएच, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. मातीत किती माल आहे हे त्यातून कळतं. तो माल पिकाला मिळेल अशा रूपात आणणारे सूक्ष्मजीव कामावर आहेत का, हे थेट कळत नाही. एन्झाइमच्या चाचण्या ती बाजू दाखवतात.

यातली सगळ्यात जास्त वापरली जाणारी चाचणी डिहायड्रोजनेजची. हे एन्झाइम जिवंत पेशींच्या आत, श्वसनाच्या क्रियेत काम करतं. पेशी मेली की तेही थांबतं. मातीत टीटीसी नावाचं रंगहीन रसायन मिसळून साधारण एक दिवस उबेत ठेवतात. सूक्ष्मजीव जिवंत असतील तर त्याचं लाल रंगाच्या पदार्थात रूपांतर होतं. जितका लाल, तितकी हालचाल जास्त.

भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७० पासून देशभर खतांचे दीर्घकालीन प्रयोग चालवले आहेत. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातही ज्वारी-गहू या पीकपद्धतीवर असा प्रयोग आहे. अशा प्रयोगांतून वारंवार दिसलेली गोष्ट अशी की रासायनिक खतासोबत शेणखत पडलेल्या तुकड्यात डिहायड्रोजनेजची हालचाल सगळ्यात जास्त असते.

मग ही चाचणी प्रत्येक शेतकऱ्याला का मिळत नाही? एक अडचण नमुन्याची. माती वाळवून महिनाभर पिशवीत ठेवली तर सूक्ष्मजीव मरतात आणि आकडा खोटा येतो. दुसरी अडचण जास्त मोठी आहे. 'इतका आकडा म्हणजे चांगली माती' असं सगळ्यांना लागू होईल असं प्रमाण नाही. काळी माती, जांभा, ऋतू, ओलावा या सगळ्यांनी आकडा बदलतो. भाताच्या खाचरात पाणी साचलं की डिहायड्रोजनेज वाढतं, पण म्हणून खाचर तुंबवून ठेवणं हा मातीचा उपचार होत नाही. या चाचणीचा खरा उपयोग तुलनेत आहे. तेच शेत, तोच महिना, दरवर्षीचा आकडा.

मातीतलं युरिएज मात्र खिशाला थेट चाट लावू शकतं. युरिया जमिनीवर नुसता फेकला आणि पाऊस किंवा पाणी मिळालं नाही, तर युरिएज त्याचा अमोनिया करतं आणि तो हवेत उडून जातो. विम्लधर्मी काळ्या जमिनीत हे जास्त होतं. म्हणून युरिया मातीआड करा किंवा लगेच पाणी द्या, असा सल्ला असतो. २०१५ पासून देशात सगळा युरिया कडुनिंबाचं आवरण लावून येतो. त्याचा मुख्य परिणाम पुढच्या टप्प्यावर होतो, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट होण्याचा वेग कमी होतो. त्यामुळे आवरण असलं तरी युरिया उघड्यावर टाकून चालत नाही.

ऊस: तोडल्यावरही आत काम चालूच

ऊस तोडला म्हणून लगेच मरत नाही. कांड्यांमधलं इन्व्हर्टेज हे एन्झाइम साखरेचे तुकडे करून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बनवत राहतं. त्यांची दाणेदार साखर बनत नाही, ती मळीत जाते. त्यात भर म्हणून तोडलेल्या टोकांतून जिवाणू शिरतात आणि त्यांची एन्झाइम साखरेपासून डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ बनवतात. तो कारखान्यात रस गाळताना आणि साखर बसताना त्रास देतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात हे सगळं वेगाने होतं. जळीत उसात तर आणखी वेगाने.

म्हणूनच तोडणीनंतर २४ तासांत ऊस गव्हाणीत पडावा, असं सांगितलं जातं. उशीर होणारच असेल तर मोळ्या सावलीत ठेवणं, पाचटाने झाकणं, पाणी शिंपडणं हे उपाय आहेत. हे सगळे उपाय एन्झाइमचा वेग कमी करण्याचेच आहेत.

यातला पैशांचा हिशोब दोन ठिकाणी पडतो. ऊस वाळतो आणि वजन काट्यावर कमी भरतं, ते नुकसान त्या शेतकऱ्याचं एकट्याचं. साखर कमी निघते, ते नुकसान मात्र वाटलं जातं. एफआरपी ही कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते आणि २०२२-२३ च्या हंगामापासून मूळ उतारा १०.२५ टक्के धरला जातो. त्यामुळे कारखान्याच्या आवारात ताटकळणाऱ्या गाड्यांची किंमत ज्यांचा ऊस वेळेत गेला त्यांच्याही दरातून कापली जाते.

फवारणी: रक्तातलं एक एन्झाइम जीव वाचवू शकतं

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा मृत्यू झाला. शेकडो जणांवर उपचार करावे लागले. त्यानंतर जी चर्चा झाली, त्यात 'कोलिनेस्टरेज' चाचणीचं नाव वारंवार आलं.

मज्जातंतूकडून स्नायूला निरोप पोहोचवणारं ॲसिटिलकोलिन हे रसायन काम झालं की लगेच पुसून टाकावं लागतं. ते काम कोलिनेस्टरेज करतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस अशी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं या एन्झाइमला चिकटतात आणि ते बंद पाडतात. मग निरोप पुसलाच जात नाही. तोंडाला लाळ सुटते, दरदरून घाम येतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास अडकतो. कीटक याच पद्धतीने मरतो. माणूस आणि जनावरही.

रक्तातल्या कोलिनेस्टरेजची ॲक्टिव्हिटी मोजली तर विष किती भिनलंय याचा अंदाज येतो. पण सगळ्यांसाठी एकच 'नॉर्मल' आकडा चालत नाही, कारण निरोगी माणसांमध्येही तो बराच वेगवेगळा असतो. म्हणून अमेरिकेच्या कॅलिफोर्नियात १९७४ पासून नियम आहे की अशी औषधं नियमित हाताळणाऱ्या कामगाराची चाचणी काम सुरू होण्याआधीच करून ठेवायची. पुढच्या चाचणीत आकडा त्याच्या स्वतःच्या पहिल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली गेला तर कामाची पद्धत तपासायची. लाल पेशींतला आकडा ७० टक्क्यांवर किंवा त्याखाली आला तर त्या माणसाला फवारणीच्या कामावरून बाजूला करायचं. त्रास जाणवायच्या आधीच धोका कळावा, हा त्यामागचा हेतू.

भारतात फवारणीचं काम बहुतेक वेळा रोजंदारीवर होतं. आज या शेतात, उद्या त्या शेतात. अशा मजुराचा 'पहिला आकडा' कुठेच नोंदलेला नसतो. त्यामुळे चाचणी होते ती दवाखान्यात पोहोचल्यावर, आणि तीही तिथे सोय असेल तर. फवारणीनंतर वरची लक्षणं दिसली तर चाचणीच्या निकालाची वाट न बघता कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन लगेच दवाखाना गाठणं आणि औषधाचा डबा किंवा लेबल सोबत नेणं, हे सगळ्यात महत्त्वाचं.

हेच एन्झाइम भाजीपाल्यावरचे अवशेष पकडायलाही वापरतात. भाजीचा अर्क एन्झाइममध्ये मिसळतात. एन्झाइम थंडावलं तर त्यावर औषध आहे. तैवानमध्ये १९८० च्या दशकापासून ही झटपट चाचणी वापरली जाते. मात्र ती ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या दोनच गटांसाठी आहे. दुसऱ्या गटातलं औषध असेल तर चाचणी गप्प राहते.

मध, गहू आणि नाचणी सत्त्व

मधमाशा मधात डायस्टेज हे एन्झाइम घालतात. मध जास्त तापवला किंवा फार काळ साठवला की ते कमी होतं. जागतिक अन्नमानकांनुसार मधात किमान ८ शेड युनिट डायस्टेज हवं. मुळातच हे एन्झाइम कमी असणाऱ्या मधासाठी ही मर्यादा ३ आहे. पण यावरून मध शुद्ध ठरत नाही. बाहेरून अमायलेज मिसळून आकडा वाढवता येतो, म्हणून ते मिसळलंय का हे शोधणारी वेगळी चाचणी करावी लागते.

गव्हाची कापणी तोंडावर असताना अवकाळी पाऊस झाला की दाणा ओंबीतच फुगतो, कोंब धरतो. दिसायला फारसा फरक नसला तरी आतलं अमायलेज जागं झालेलं असतं. असं पीठ चिकट होतं, त्याचा ब्रेड गिच्च होतो. हे ओळखायला 'फॉलिंग नंबर' मोजतात. पीठ आणि पाणी उकळत्या पाण्यात ठेवून तयार झालेल्या खळीतून एक दांडी किती सेकंदांत खाली जाते, तो हा आकडा. चांगल्या गव्हाचा तो साधारण २५० च्या वर असतो. अमायलेज फार असेल तर खळ पातळ होते आणि आकडा ६२ पर्यंत घसरतो. यापेक्षा कमी तो येतच नाही, कारण पहिली ६० सेकंद ढवळण्यातच जातात.

जे गव्हात नको असतं, तेच नाचणीत मुद्दाम आणलं जातं. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली की सत्त्व तयार होतं. मोड येताना वाढलेलं अमायलेज पेज पातळ ठेवतं. त्यामुळे बाळाच्या वाटीभर पेजेत जास्त पीठ मावतं आणि तेवढ्याच पेजेतून जास्त ऊर्जा मिळते. आजीच्या हातच्या या पद्धतीवर अन्नशास्त्रज्ञांनी पुढे संशोधन केलं आणि मोड आलेल्या धान्याचं थोडं पीठ घालून बाळाचं खाणं पातळ करण्याची शिफारस केली.

'बायो-एन्झाइम'च्या रील्सचं काय?

एक भाग गूळ, तीन भाग संत्र्या-लिंबाच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने बरणीत. ही कृती सोशल मीडियावर सगळ्यांनी पाहिली असेल. तयार होणारं द्रव हे मुख्यतः आंबवलेलं, आम्ल पाणी असतं. फरशी किंवा बेसिन साफ होतं त्यात मोठा वाटा या आम्लाचा असतो. त्यात थोडी एन्झाइम असूही शकतात, पण ॲक्टिव्हिटी मोजलेली नसेल तर 'एन्झाइम' हे फक्त नाव उरतं. फरशीला वापरायला हरकत नाही. पिकावर, जनावराला किंवा स्वतः पिण्यासाठी वापरण्याआधी मात्र थांबलेलं बरं.

दुकानात मिळणाऱ्या एन्झाइमच्या बाटल्या आणि पुड्यांसाठी तपासायच्या गोष्टी या:

• कोणतं एन्झाइम आहे, त्याचं नाव दिलंय का? नुसतं 'मल्टी एन्झाइम' पुरेसं नाही.

• ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे किती युनिट, हे लिहिलंय का? टक्के किंवा 'पॉवरफुल' या शब्दावर जाऊ नका.

• ते युनिट कोणत्या तापमानाला आणि पीएचला मोजलंय?

• उत्पादनाची तारीख, मुदत आणि साठवणुकीचं तापमान काय? मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिलेल्या पुड्यातलं एन्झाइम बंद पडलेलं असू शकतं, भले वजन पूर्ण भरो.

या चारपैकी युनिटचा आकडाच लेबलवर नसेल, तर त्या बाटलीत काम करणारं काही आहे की नाही हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही.